होडीची शुचिता

शुचितेचा विचार आपल्या समाजात फार प्राचीन काळापासून झालेला आहे. परंतु तो बहुधा देवघराच्या उंबरठ्याच्या आतच झालेला आहे. सोवळे कसे नेसावे, नैवेद्याचे ताट कसे झाकावे, निर्माल्य कोठे टाकावे व कोठे टाकू नये, ह्यांविषयी आपल्या घरांतील वृद्ध स्त्रिया अधिकारवाणीने सांगू शकतात. ज्या होडीतून आपल्या ताटातील मासा येतो तिच्या शुचितेचा विचार मात्र आपण सहसा करीत नाही. सोमवारी आणि एकादशीला मासळी वर्ज्य करणारे व इतर दिवशी ती आवडीने खाणारे आम्ही लोक. होडी म्हणजे दुर्गंधीचे माहेरघर, अशी समजूत मनाशी धरून, नाकाला रुमाल लावून धक्क्यावरून पुढे जातो. आमचीही समजूत तशीच होती. ती कशी ढळली आणि त्या निमित्ताने मासेमारीच्या इतिहासाची कोणती पाने आम्हांस चाळावी लागली, हे येथे सांगावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी गोव्यातील एका खाडीकाठच्या देवस्थानाच्या समितीने आमच्याकडे एक काम सोपविले. त्या देवळाच्या उत्सवात सांगोड निघतो. सांगोड म्हणजे दोन होड्या जोडून त्यांवर माटव उभारतात, त्यात देवाची मूर्ती बसवितात आणि वाद्यांच्या गजरात देवाला जलविहार घडवितात. गोव्यातील वाचकांस हे सांगण्याची आवश्यकता नाही, परंतु इंदूर-बडोद्याकडील वाचकांसाठी सांगितले पाहिजे. समितीची तक्रार अशी होती की, गरीने मासे धरणाऱ्या होड्या उरलेले आमिष आणि माशांची आतडी घाटाजवळच पाण्यात टाकतात, उत्सवाच्या दिवशीही तेथे उभे राहवत नाही, म्हणून होडीवाल्यांस वकिलामार्फत नोटीस द्यावी. आम्ही नोटिशीचा मसुदा केला. तो पाठविण्यापूर्वी दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकावे, ह्या व्यवसायातील जुन्या सवयीने आम्ही घाटावर गेलो. तेथे एक वयोवृद्ध तांडेल जाळे शिवीत बसले होते. आमचे सर्व बोलणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि ते एवढेच म्हणाले, ‘‘वकीलबाब, सांगोडाक देव बसता तीं व्हडीं आमचींच. तीं धुयनासतना आमी देवाक बसयतात अशें दिसता तुमकां?’’

देव ज्या होड्यांवर बसतो त्या ह्यांच्याच. त्या न धुता ते देवाला बसवीत असतील काय? आम्ही निरुत्तर झालो. मग त्यांनी दुसरा प्रश्न केला. पूर्वी भरतीच्या रेषेवर रेतीचा एक पट्टा होता. तेथे खड्डे करून उरलेले आमिष पुरीत, किंवा माडांच्या मुळांशी घालण्यासाठी बागाईतदार ते घेऊन जात. आता तो पट्टा बांधून काढला आहे आणि त्यावर उत्सवाच्या गाड्या उभ्या राहतात. तेव्हा उरलेले ठेवावे कोठे, हे वकिलांनीच सांगावे. हा प्रश्न कायद्याचा आहे की होडीचा, हे आम्हांस तत्क्षणी उमगेना. नोटीस आम्ही खिशातच ठेवली आणि घरी येऊन वाचनास प्रारंभ केला.

प्रथम आमिष म्हणजे काय, ह्याचा उलगडा करून घेतला पाहिजे. गरीची मासेमारी आमिषावाचून होत नाही. पेडवे, तारले, बांगड्याचे तुकडे, माकुल, कोळंबी ह्यांपैकी काहीतरी गरीला लावावे लागते, आणि ते मोठ्या माशाला आवडते ते त्याच्या तेलामुळे, रक्तामुळे व वासामुळे. म्हणजे जो गुण आमिषाला उपयोगी, तोच होडीला बाधक. तुकडे करताना रक्त, खवले व तेल फळीवर पडते. ओले असताना ते बादलीभर समुद्राच्या पाण्याने जाते. उन्हात वाळले की खवले सरसासारखे चिकटून बसतात. अशा वेळी अननुभवी माणूस कढत पाणी ओततो आणि काम आणखी बिघडवितो, कारण उष्णतेने रक्तातील व मांसातील प्रथिने गोठून लाकडाला अधिकच घट्ट धरतात. जाणता खलाशी म्हणूनच प्रथम गार पाणी व कुंचा वापरतो, आणि तोही काम चालू असतानाच. साबणाचा क्रम त्यानंतर.

वर दिसणारी घाण त्रासदायक खरी. परंतु धोक्याची घाण ती नव्हे. फळ्यांच्या फटींतून जे पाणी व तुकडे होडीच्या तळाशी उतरतात, ते तेथे कुजतात. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे १९२९ साली मासळी टिकविण्याच्या शास्त्रासाठी टोरी संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथील शास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिले की, चिकट झालेल्या लाकडी फळीला मासा दाबून बसला आणि मध्ये हवा शिरली नाही, तर बर्फात असूनही त्या माशाला तळच्या कुजक्या पाण्याची दुर्गंधी येते. ह्याहून भयंकर गोष्ट अशी की, बंद कप्प्यात मासळी कुजू लागली म्हणजे ती तेथील प्राणवायू खाऊन टाकते आणि हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू निर्माण करते. अशा कप्प्यात साफसफाईसाठी उतरलेला माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, त्याला वाचविण्यास उतरलेला दुसराही पडतो. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर अशा रीतीने खलाशांचे प्राण गेलेले आहेत. म्हणून कप्पा आधी उघडा टाकून वारा खेळू द्यावा आणि वर एक माणूस उभा असल्याखेरीज कोणी एकट्याने आत उतरू नये, हा नियम होडीवरचा पहिला नियम होय. होडीची शुचिता हा केवळ नाकाचा प्रश्न नाही. तो प्राणांचा प्रश्न आहे, हे येथवरच्या वाचनाने आमच्या लक्षात आले.

आता इतिहासाकडे वळू. आमिषासाठी कायदे झाले, राजकारणे झाली, असा मासेमारीचा प्रदेश शोधू गेल्यास तो उत्तर अटलांटिक महासागरात, न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर सापडतो. तेथील कॉड मासा खारवून व वाळवून युरोपात जात असे. पोर्तुगिजांच्या मेजावरील ‘बाकल्याव’ तो हाच, आणि त्यांच्यामुळे गोव्यातील अनेक घरांनाही तो परिचित झाला. पोर्तुगालची शिडाची जहाजे त्या समुद्रात लहान लहान होड्या सोडून, एकेका होडीत एकेक माणूस बसवून, गरीने कॉड धरीत असत. ही पद्धत १९७४ सालापर्यंत टिकली. इतक्या गऱ्यांना आमिष पुरविणे हीच त्या धंद्याची नाडी होती. हेरिंग, कॅपलिन आणि माकुल हे तेथील तीन आमिषमासे. प्रतिस्पर्धी फ्रेंच जहाजांना आमिष विकणे बंद केले तर त्यांची मासेमारीच थंडावेल, हे ओळखून न्यूफाउंडलंडच्या विधिमंडळाने १८८६ साली आमिषाचा स्वतंत्र कायदा केला. त्यास राजाज्ञा मिळाली नाही, तेव्हा १८८७ साली तो पुन्हा मंजूर करून घेतला. ओंजळभर मासळीसाठी दोन राष्ट्रांत वितुष्ट यावे, एवढे त्या आमिषाचे मोल होते.

ज्या वस्तूचे मोल इतके, तिची घाणही तितकीच. ह्या घाणीला, म्हणजे माशांची आतडी, डोकी, सडके आमिष व तळचे तेलकट पाणी ह्या सर्वांस मिळून, त्या किनाऱ्यावर ‘गरी’ असाच शब्द आहे. आपल्या गरीशी त्याचा काही संबंध नाही. ते निव्वळ उच्चारसाम्य होय. परंतु एका किनाऱ्यावर ज्या शब्दाचा अर्थ मासा धरण्याचे साधन, दुसऱ्या किनाऱ्यावर त्याच ध्वनीचा अर्थ मासा धरल्यानंतरचा गाळ, हा योगायोग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटला.

ह्या गाळाविरुद्ध कायद्याने केलेली खटपट पाहण्यासारखी आहे. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाने १६३४ साली न्यूफाउंडलंडच्या मासेमारीसाठी एक सनद दिली. जहाज स्थिर राहावे म्हणून त्याच्या तळाशी घालतात ते दगड, ज्यांस आपले खलाशी नीरम म्हणतात, किंवा बंदराला अपायकारक अशी अन्य कोणतीही वस्तू पाण्यात टाकू नये, ती किनाऱ्यावर वाहून न्यावी, असा नियम त्या सनदेत आहे. १६९९ साली पार्लमेंटने त्याच मासेमारीसाठी कायदा केला, त्यातही हाच नियम पुन्हा आला. पुढे कॅनडाने १८६८ साली मत्स्यव्यवसायाचा कायदा केला, त्यात हा नियम विस्ताराने आला : नीरम, कोळशाची राख, दगड यांबरोबरच माशांचे अवशेष मासेमारीच्या जागी किंवा किनाऱ्यावर टाकण्यास मनाई झाली. आणि कॅनडाच्या आजच्या कायद्याच्या ३६ व्या कलमात हेच शब्द जवळजवळ तसेच उभे आहेत.

वकिली व्यवसायातील माणूस असा इतिहास वाचतो तेव्हा त्याच्या मनात एक शंका अपरिहार्यपणे येते. एकच आज्ञा पुनःपुन्हा द्यावी लागते, ती पाळली जात असल्यामुळे की पाळली जात नसल्यामुळे? न्यायालयात ज्यांनी दिवस घालविले त्यांस उत्तर सांगावयास नको. १६३४ नंतर १६९९, १६९९ नंतर १८६८; आज्ञा तीच, कारण अपराधही तोच. परंतु १८६८ च्या कायद्यात आम्हांस एक नवी व शहाणपणाची गोष्ट आढळली. त्याने केवळ ‘टाकू नका’ असे म्हटले नाही. कोठे टाकावे तेही सांगितले. भरतीच्या रेषेच्या वर जमिनीत पुरावे. किंवा खोल समुद्रातील मासेमारीची ठाणी नदीमुखाच्या आत असतील तेथे किनाऱ्यावर छिद्रे पाडलेल्या पेट्या बांधून त्यांत टाकावे, म्हणजे पाणी खेळेल पण घाण वाहून जाणार नाही. आमचे वृद्ध तांडेल जो प्रश्न विचारीत होते, त्याचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या परदेशी कायद्यात अक्षरशः लिहिलेले होते. आणि तांडेलांच्या वाडवडिलांनी तो कायदा न वाचताच तो पाळला होता. न्यूफाउंडलंडचे शेतकरीही उरलेले कॅपलिन बटाट्याच्या वाफ्यांत खत म्हणून घालीत, जसे आपल्याकडे तारले माडांच्या मुळांशी घालतात.

येथवर आपण मेलेल्या आमिषाची कथा ऐकली. परंतु जिवंत आमिषाचीही एक मासेमारी आहे, आणि ती आपल्या अरबी समुद्रात आहे. तिचा वृत्तांत लिहून ठेवणारा एक प्रवासी गोव्यातही राहून गेला, म्हणून त्याच्याच हाताला धरून तिकडे जाऊ.

फ्रान्स्वा पिरार द लाव्हाल हा फ्रेंच खलाशी १६०१ साली सेंट मालो बंदरातून निघाला. १६०२ च्या जुलैत त्याचे जहाज मालदीव बेटांच्या खडकांवर फुटले आणि सुमारे पाच वर्षे त्यास त्या बेटांवर राजाचा बंदी म्हणून राहावे लागले. १६०७ साली त्याची सुटका झाली. मलबारातून फिरत, कैद भोगीत, १६०८ साली तो गोव्यास येऊन पोहोचला आणि १६१० पर्यंत येथे राहिला. गोव्याच्या राजेशाही इस्पितळात तो आजारी होऊन पडला होता. त्या इस्पितळाच्या टापटिपीची व स्वच्छतेची त्याने केलेली स्तुती प्रसिद्ध आहे. त्याचा प्रवासग्रंथ १६११ साली पॅरिसमध्ये छापला गेला. स्वच्छता कशास म्हणावी हे ज्याच्या डोळ्यांस कळत होते अशा ह्या माणसाने मालदीवच्या कोळ्यांविषयी काय लिहिले आहे? तो सांगतो की, खोल समुद्रात हे लोक वेताच्या काठीला दोरी बांधून मासे धरतात, परंतु गरीला आमिष लावीत नाहीत. लहान लहान मासे काथ्याच्या बारीक जाळीच्या पिशव्यांत जिवंत ठेवून ते बरोबर नेतात आणि पाण्यावर पेरतात. ते खाण्यास मोठ्या माशांचे थवे उसळून येतात व चकचकीत रित्या गरीलाच तोंड लावून फसतात.

ह्या मोठ्या माशांत मुख्य तो पट्टेरी कुपा. तो उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कठीण करतात; लक्षद्वीपात त्यास मासमीन म्हणतात. पिरारच्याही आधी, १३४३ च्या सुमारास मालदीवात येऊन काझी म्हणून न्यायदान करणाऱ्या इब्न बतूताने ह्या धुरी दिलेल्या माशाचे वर्णन केले आहे. आमच्या व्यवसायबंधूने न्यायासनावरून उठून माशाकडे पाहिले, ह्याचे आम्हांस कौतुक वाटते.

मालदीवच्या उत्तरेस, आठ अंशांच्या खाडीपलीकडे, आपल्या लक्षद्वीपातील मिनिकॉय बेट आहे. तेथील लोकांची भाषा महल, म्हणजे मालदीवच्या भाषेचीच बोली, आणि मासेमारीची विद्याही तीच. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे एस. जोन्स ह्यांनी १९५८ साली मिनिकॉयच्या जिवंत आमिषाच्या मासेमारीवर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यामुळे ह्या विद्येची नीट नोंद झाली. बेटाच्या आतील उथळ खारकच्छात, प्रवाळांच्या आसपास, बोटभर लांबीचे नाजूक मासे जाळ्याने अलगद धरतात. लगेच लागणार नसतील तर ते तरंगत्या पाट्यांत ठेवून पाट्या पाण्यातच बांधून ठेवतात. समुद्रात जाताना मात्र ते होडीतच न्यावे लागतात, आणि येथे त्या होडीची खरी करामत दिसून येते.

होडीच्या मध्यभागी आडव्या फळ्यांनी बंद केलेला एक कप्पा असतो. त्याच्या तळाला, म्हणजे होडीच्याच तळाला, मुद्दाम छिद्रे ठेवलेली असतात व त्यांत बुचे बसवलेली असतात. आमिष आत सोडले की बुचे काढतात. समुद्राचे ताजे पाणी खालून आत उसळते, कप्पा भरतो, आणि वरचे पाणी आडव्या फळीतील छिद्रांतून शेजारच्या कप्प्यात उतरते. तेथे माणसे बसून ते अखंड उपसून बाहेर टाकतात. ज्या होडीच्या तळाला भोक पडणे म्हणजे मृत्यू, त्याच होडीच्या तळाला शहाण्या माणसाने भोके ठेवली आणि समुद्राला आत बोलावून मोजूनमापून परत पाठविले. उपसणारा दमला तर होडी बुडण्याचे भय. बुचे बंद ठेवली तर आमिष गुदमरण्याचे भय. दोन्ही भयांच्या मधोमध ती होडी चालते.

आता पाहावे की, ह्या होडीत आमिषाची घाण कोठे राहील? पाणी सतत वाहते आहे. त्याबरोबर खवले, चिकटा, मळ निघून जातो. एखादा मासा मेला तर तो ताबडतोब हाताने काढून टाकावा लागतो, कारण मेलेला मासा पाणी नासवितो आणि नासलेले पाणी बाकीचे मासे मारते. कप्प्यात फाजील गर्दी केली तरी तोच परिणाम. म्हणून ह्या होडीवर साफसफाई हे दिवसाच्या अखेरचे काम नाही, ते दिवसभराचे काम आहे. घरी आल्यावरही उरलेल्याची विल्हेवाट ठरलेली असते : कुपा उकडल्यानंतरचे पाणी फेकून देत नाहीत, ते आटवून त्याचा दाट अर्क करतात आणि भाताबरोबर खातात. मालदीवात त्यास रिहाकुरू असे नाव आहे.

येथे कोणी म्हणेल की, आपल्या समुद्रातील लोक स्वभावतः स्वच्छ व अटलांटिकवाले स्वभावतः अस्वच्छ. असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. तळाला छिद्रे असलेल्या पाण्याच्या कप्प्यांची जहाजे युरोपातही होती. इंग्लंडच्या हार्विच बंदरात ती १७१२ च्या सुमारास आली, आणि त्यांतून जिवंत कॉड बाजारात येत असे. विद्या उभयतांजवळ होती. भेद होता तो नुकसान कोणाच्या माथी पडते ह्याचा. मिनिकॉयच्या तांडेलाने आमिषाचा कप्पा घाण ठेवला तर त्याचे आमिष त्याच दिवशी, दुपारच्या आत मरते आणि त्याची होडी रिकामी परतते. अपराध व शिक्षा ह्यांच्या मध्ये न्यायालय लागत नाही. न्यूफाउंडलंडच्या तांडेलाने सडके आमिष बंदरात लोटले तर त्याची होडी तत्काळ स्वच्छ होते. घाण शेजाऱ्याच्या जाळ्यात, गावाच्या किनाऱ्यावर, पुढल्या वर्षीच्या मासळीवर जाते. जो घाण करतो त्यास सुख आणि जो करीत नाही त्यास दुःख, अशी जेथे स्थिती असते तेथे राजाला सनद द्यावी लागते, पार्लमेंटला कायदा करावा लागतो, आणि दोनशे-अडीचशे वर्षांनी तो पुन्हा करावा लागतो. मिनिकॉयचा नियम फळीत कोरलेला आहे. अटलांटिकचा कागदावर लिहिलेला आहे. फळीतील नियम पाळल्यावाचून होडी चालतच नाही, आणि कागदावरचा नियम मोडूनही ती चालते, एवढाच काय तो भेद.

आपल्या आजच्या होड्या ह्या दोन टोकांपैकी कोणत्या टोकाकडे झुकल्या आहेत, हे निराळे सांगण्याची गरज नाही. लक्षद्वीपात १९६० च्या आसपास आणि मालदीवात १९७४ पासून होड्यांना यंत्रे बसू लागली. उपसणाऱ्या हातांची जागा पंपांनी घेतली. त्यात वाईट काही नाही. पंपाने येणारे ताजे पाणी आमिषाला उपकारकच आहे. आपल्या किनाऱ्यावर बर्फ आला, गोठविलेल्या आमिषाची खोकी आली, आणि त्यांबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या व पट्ट्या आल्या. आता कायदा काय म्हणतो ते पाहा. जहाजांच्या कचऱ्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे मार्पोल कराराचे पाचवे परिशिष्ट, १९८८ च्या अखेरीस अमलात आले, आणि भारत त्यास बांधलेला आहे. समुद्रात प्लास्टिक टाकण्यास त्याची सक्त मनाई आहे. परंतु त्याच सफरीतील मासेमारीतून निघालेले ताजे मासे व त्यांचे भाग ह्यांची गणना तो करार कचऱ्यात करीत नाही. खोल समुद्राचा विचार करता ह्यात गैर नाही. तेथे टाकलेले डोके दुसरा मासा खातो. परंतु बंद खाडीत, संथ पाण्यात, देवळाच्या घाटाखाली तेच डोके कुजते. आंतरराष्ट्रीय कायद्याने जो विषय मोकळा सोडला तो गावाने हाती घेतला नाही, तर तो कोणाच्याच हाती राहत नाही.

आणि हा विषय खाणाराचाही आहे. कुपा, बांगडा ह्यांसारखे मासे उन्हात, घाणेरड्या फळीवर राहिले की, त्यांच्या मांसातील हिस्टिडीन नावाच्या द्रव्याचे जंतू हिस्टामीन बनवितात. असा मासा खाल्ल्याने अंग लाल होते, डोके दुखते, उलट्या होतात; आणि चुलीवर कितीही शिजविले तरी ते विष जात नाही. गृहिणीच्या स्वयंपाकघरातील सर्व शुचिता होडीवरील एका तासाच्या हयगयीपुढे व्यर्थ ठरते. म्हणून चांगले तांडेल जे करतात ते वाचकांनीही जाणून असावे. आमिष लागेल तेवढेच बाहेर काढावे, बाकीचे झाकून बर्फात ठेवावे. ते कापण्याची फळी निराळी असावी व ती कडेला कठडा असलेली असावी. फळ्या आमिष टाकण्यापूर्वीच ओल्या कराव्यात, म्हणजे रक्त लाकडात मुरत नाही. प्रत्येक खेपेनंतर समुद्राच्या पाण्याने धुवावे. परंतु बंदरातील गढूळ पाण्याने नव्हे, तर बाहेरील स्वच्छ पाण्याने. तळचे पाणी जाण्याच्या वाटा रोज मोकळ्या कराव्यात. आणि उरलेल्यासाठी एक झाकणाची पाटी होडीवर कायम असावी.

असो. नोटिशीचे पुढे काय झाले, हे सांगितले पाहिजे. आम्ही समितीपुढे वरील इतिहास संक्षेपाने ठेवला. एका सभासदांनी थोडे रागावूनच विचारले की, वकील आमचे की होडीवाल्यांचे? आम्ही म्हणालो, ‘‘वकील आपलेच, परंतु एक गोष्ट आपल्या ध्यानात आणून देणे हे आमचे कर्तव्य आहे. उत्सवानंतरचे निर्माल्य, केळीची पाने आणि पत्रावळी आपण कोठे टाकता?’’ सभेत क्षणभर कोणी बोलले नाही. ती सर्व त्याच खाडीत, त्याच घाटाखाली जात होती. आमच्या पक्षकाराची बाजू उलटतपासणीत टिकणारी नव्हती, हे आमच्याआधी पक्षकारांनीच ओळखले.

तेव्हा नोटिशीऐवजी एक करार झाला. त्यात कलमे चारच आहेत. घाटाच्या आत पाण्यात कोणीही काही टाकू नये, मग ते माशाचे असो की फुलाचे. भरतीच्या रेषेवर, गाड्यांच्या जागेतून काढून दिलेल्या पट्ट्यात दोन खड्डे असावेत, एक निर्माल्याचा व एक मासळीचा, आणि त्यांचा खर्च देवस्थानाने करावा. दोहोंचे खत माडांना घालावे. आणि उत्सवाआधी आठ दिवस सांगोडाच्या होड्या कोणी व कशा धुवाव्यात, हे सर्वस्वी होडीवाल्यांनी ठरवावे; समितीने त्यात लक्ष घालू नये. चौथे कलम तांडेलांच्या आग्रहावरून घातले, आणि आमच्या मते त्या करारातील तेच सर्वांत मोलाचे आहे.

पुढल्या उत्सवास आम्ही घाटावर उभे होतो. वास पूर्णपणे गेला होता असे म्हणणे सत्यास सोडून होईल. मासळीच्या घाटावर मासळीचा वास यावयाचाच. परंतु पाण्याच्या कडेला पायरी दिसत होती. सांगोड निघण्यापूर्वी ते वृद्ध तांडेल गुडघाभर पाण्यात उतरले, त्यांनी जोडलेल्या दोन्ही होड्यांच्या फळ्यांवरून हाताचा पंजा सावकाश फिरविला, तो नाकाशी धरला आणि मग पुजाऱ्यांना खूण केली. देव त्यानंतर होडीत बसला.